घर आमचे, हिशेब कोण तपासणार?

घरांच्या किमतींचा आणि घरमालकीचा आढावा घ्यायचा, तर त्या समितीचे अध्यक्षपद कोणाकडे द्यायचे? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. एखादा निवृत्त सचिव बसवला, जोडीला बिल्डरांच्या संघटनेचा प्रतिनिधी, एक नगररचनाकार, एक बँकवाला घेतला, की समिती झाली, असे सरकारला वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. आढावा कोण घेतो यावरच त्यात काय दिसणार आणि काय दडणार हे ठरते.

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. नाव ‘माझे घर, माझा अधिकार’. २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक, असे आकडे त्यात आहेत. असे आकडे आम्ही पूर्वीही ऐकले आहेत. १९९५ साली मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली, सनदी अधिकारी दिनेश अफझलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि त्यातून आजची झोपु योजना निघाली. बांधणार बिल्डर, आणि त्याचा खर्च व नफा निघणार त्याच जमिनीवर बाजारभावाने विकायच्या इमारतींतून. पुढे सोळा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, मुंबईत दर दहा माणसांमागे चार माणसे झोपडपट्टीतच मोजली गेली.

या योजनेचा हिशेब आता मागायचा, तर हिशेब देणारा आणि तपासणारा एकच असावा काय? झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात. सचिव मंडळी त्याच यंत्रणेत परवानग्या देतात. आपल्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ शकत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मंत्रालयात मात्र ते दर वेळी नव्याने सांगावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाला ते सांगावे लागलेच. बोरिवलीतील एका रखडलेल्या योजनेचा निकाल देताना ३० जुलै २०२४ रोजी न्यायालयाने नमूद केले, की १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखालील १,६१२ प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात पडून आहेत आणि त्यांतील १३५ दहा वर्षांहून जुनी आहेत. या कायद्याची अंमलबजावणी तपासण्यासाठी उच्च न्यायालयाने खंडपीठ नेमावे, असेही सांगितले. हे पाऊल मोठे आहे. पण ते एका कायद्यापुरते आहे. घराची किंमत, भाडे, कर्ज, मालकी हा सगळा व्यवहार त्यात मावत नाही.

आमच्याकडे एक मावशी येतात. धुणीभांडी करतात. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचे सारे आयुष्य आहे: फोटोपास, रेशनकार्ड, मतदारयादीचा उतारा, विजेचे बिल. मतदारयादीत नवऱ्याच्या नावात एक अक्षर चुकले आहे, तेवढ्यावर परिशिष्ट-२ मध्ये त्यांच्यापुढे ‘अपात्र’ असा शिक्का पडला. झोपडी तुटली, बिल्डरचे भाडे दोन वर्षांनी थांबले. अपील, तारीख, पुन्हा तारीख. दर तारखेला त्यांची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि तो आकडा कोणत्याही समितीच्या तक्त्यात येत नाही. बिल्डरच्या वकिलाने मुदत मागितली तर त्याचे काय बुडते?

ज्यांना घर मिळाले त्यांचीही कथा ऐका. लिफ्ट आहे, पण तिचे वीजबिल व देखभालखर्च दरमहा भरणे मोलमजुरी करणाऱ्याला जड जाते. घर नावावर असते, पण सरकारी जमीन असेल तर ती सोसायटीकडे भाडेपट्ट्याने असते. या मालकीला मालकी म्हणायचे की नाही, हे एकदा कोणीतरी तपासून सांगावे. बँक पगाराची स्लिप मागते. नाका कामगाराने ती कुठून आणायची? सोडतीत नाव लागूनही कर्जाअभावी घर परत करणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

२०१२ मध्ये प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय तांत्रिक गटाने देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई सांगितली. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. २०११ च्या जनगणनेत त्याच शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. म्हणजे नुसती घरे वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

मग अध्यक्ष कोण? आमचे मत, उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, आणि तोही ज्याने बिल्डरांची लवादाची कामे घेतलेली नाहीत असा. समिती नव्हे, १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालील आयोग हवा. म्हणजे करारनामे, ताळेबंद हजर करा असे फर्मावता येईल. पण न्यायाधीश म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे आम्ही मानत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेला जगण्याच्या अधिकारात स्थान दिले, आणि त्याच निकालाने पदपथावरील झोपड्या पावसाळ्यानंतर हटवण्याची वाटही मोकळी ठेवली. म्हणून आयोगाचे निम्मे सदस्य झोपडपट्टी, चाळ आणि संक्रमण शिबिरांतील रहिवासी असावेत, त्यांत स्त्रिया असाव्यात. सुनावणी वस्तीत व्हावी, मराठीत व्हावी.

सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता म्हणून देशभर बहिष्कार झाला. बाबासाहेबांनी मात्र १९२८ साली पुण्यात साक्ष दिली, मुंबई प्रांतिक समितीत बसले आणि तिचा अहवाल पटला नाही तेव्हा मे १९२९ मध्ये आपला स्वतंत्र अहवाल दिला. घरांच्या आयोगातही रहिवासी सदस्याला हा हक्क लेखी मिळाला पाहिजे: बहुमताचा अहवाल मान्य नसेल तर भिन्नमत जोडायचे, आणि सरकारने दोन्ही विधिमंडळापुढे ठेवायचे.

आयोगाची वाट पाहत बसू नये. वस्तीतील मंडळांनी, बुद्धविहारांच्या समित्यांनी आतापासून घरोघरचे कागद जमवावेत. कोण अपात्र ठरला, कोणत्या कारणाने, भाडे कोणत्या महिन्यापासून थांबले, किती तारखा झाल्या, हे वहीत लिहून खाली त्या त्या माणसाची सही घ्यावी.