अर्जातील इंग्रजी आणि आपला स्वाभिमान

शिष्यवृत्तीचा हप्ता थकला, वसतिगृहात प्रवेश हवा किंवा नोकरी हवी, की आपली मुले इंग्रजीत अर्ज लिहितात. ते वाचताना व्याकरणाच्या चुकांपेक्षा आम्हांस अधिक सलते ते हे की, ठरावीक शब्दप्रयोग अर्थ न पारखताच वापरले जातात.

कित्येक अर्जांचा आरंभ 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट' असा असतो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' हा प्रयोग इंग्रजीत सहसा मतभेद नोंदविण्यापूर्वी येतो. 'आय बेग' हा एके काळचा पत्रव्यवहारातील शिष्टाचार. आता तो मागे पडला आहे. शिष्यवृत्ती हा आपला हक्क. हक्क मागताना याचनेची भाषा कशासाठी? 'आय रिक्वेस्ट' एवढे पुरे. अखेरीस 'काइंडली डू द नीडफुल' येते. परंतु नेमके काय करावे, हे अर्जात कोठेच नसते. कोणत्या वर्षाचा कितवा हप्ता जमा झाला नाही, हे स्पष्ट लिहिल्यास टाळाटाळीस जागा उरत नाही. नोकरीच्या अर्जात 'आय पास्ड आउट' लिहिले, तर परदेशी वाचकास 'माझी शुद्ध हरपली' असा अर्थ सुचू शकतो. तेथे 'आय ग्रॅज्युएटेड' लिहावे. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको.

भाव पोहोचला की झाले, असे काहीजण म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणातील मजकुरावर आक्षेप घेतला, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे त्यांनी कळविले आणि ते भाषण स्वतःच प्रसिद्ध केले. संविधानाच्या अनुच्छेद 17 मध्ये अस्पृश्यतेचे आचरण 'इन एनी फॉर्म' निषिद्ध ठरविले आहे. हे तीन शब्द नसते, तर पळवाटा शोधणाऱ्यांनी अस्पृश्यतेची किती रूपे त्यातून वगळली असती, याचा विचार करावा.

तथागतांच्या सम्यक् वाचेत निरर्थक बोलणे टाळणेही येते. लेखणीलाही तोच नियम लागू आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: वस्तीतील एखादे मूल अर्ज दाखवावयास आले, तर त्यातील प्रत्येक इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ त्याला मराठीत विचारावा. ज्याचा अर्थ त्याला सांगता येणार नाही, तो त्याच्याच हाताने खोडून घ्यावा आणि त्या जागी त्याला जे खरोखर म्हणावयाचे आहे, ते साध्या शब्दांत लिहवून घ्यावे.