छायाचित्रकार की पेटी?

लग्न किंवा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा ठरला, की मिस्सेची वेळ नक्की करण्यासाठी येणारी बिबवेवाडी परिसरातील मंडळी अलीकडे आम्हांस हमखास विचारतात : ‘फादर, फोटोग्राफर हवाच का? हॉलमध्ये फोटो बूथ ठेवला तर भागणार नाही का?’ प्रश्न खर्चाचा असतो, आणि मार्केट यार्डातील भाव पाहून आठवड्याचा बाजार करणाऱ्यांना तो पडणे आम्ही गैर मानीत नाही. तथापि उत्तर देताना आम्ही आता संकोच करीत नाही. पैसा एकाच गोष्टीपुरता असेल, तर तो फोटोग्राफरवर खर्च करावा.

ही पेटी काही नवी नाही. सायबेरियात जन्मलेल्या अनातोल जोसेफो यांनी १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपले यंत्र मांडले. पंचवीस सेंटांत आठ चित्रे मिळत आणि लोक रांगा लावीत. दोनच वर्षांत त्यांनी त्याचे अमेरिकेतील हक्क दहा लक्ष डॉलरांना विकले. पडद्याआड आपल्याकडे पाहणारे कोणी नाही, हेच त्या यंत्राचे मोठे आकर्षण होते. संकोची माणूस तेथे मोकळा होई. आजच्या बूथचा पडदा बहुधा गेला आहे. प्रकाशाचे कडे, खोट्या मिशा, रंगीत चष्मे आणि पाहता पाहता चित्र छापून देणारे यंत्र आले आहे. पाहणारा मात्र आजही कोणी नाही. जो चालत जाऊन पुढे उभा राहील, त्याचेच चित्र निघते.

आणि आमच्या सोहळ्यांत चालत न जाणारेच पुष्कळ असतात. नगरकडच्या गावाहून एस.टी.ने आलेली आजी पंख्याखालची खुर्ची सोडीत नाही. वधूचे वडील जेवणाच्या दाराशी हात जोडून उभे असतात. जिने त्या मुलीला वाढविले ती मावशी वाढप्यांच्या मागे लागलेली असते. पाहुण्यांचे मोबाईल आहेतच, असे कोणी म्हणेल. पण ते बहुतेक वेळा पाहुण्यांकडेच वळलेले असतात.

काही वर्षांपूर्वी एका घरी अंत्यविधीच्या आदल्या रात्री आम्ही बसलो होतो. शवपेटीजवळ ठेवण्यास गृहस्थांचा फोटो हवा होता. मुलाने मोबाईल धुंडाळला, कपाट उपसले. धाकट्या मुलीच्या लग्नात पैसे वाचवून केवळ बूथ ठेवला होता. त्यातील एका पट्टीवर वडील होते, पण नातवाने त्यांच्या नाकावर लाल चेंडू चढविलेला. अखेर आधार कार्डावरील धूसर चेहरा मोठा करून आणला. पत्नीने तो हातात घेतला आणि ‘हे असे दिसत नव्हते’ एवढेच म्हटले. नातवाला आम्ही दोष देत नाही; त्या पट्टीवर आजोबा खरेच हसत होते.

फोटोग्राफरांची तरफदारी करण्याचाही आमचा मानस नाही. वधूवर वचने देत असता वेदीच्या पायऱ्या चढून मध्ये उभे राहणारे, ‘फादर, अंगठी पुन्हा एकदा’ असे फर्माविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. एकदा आम्ही संतापून विधी थांबविला, आणि मागाहून आमचे आम्हांलाच वाईट वाटले. मे १९६७ मध्ये रोमहून निघालेल्या ख्रिस्तप्रसादविषयक सूचनापत्रात बजावले आहे, की छायाचित्रणाने मिस्सेत व्यत्यय येऊ नये, ते कमालीच्या संयमाने व्हावे आणि धर्माध्यक्षांचे नियम पाळले जावेत. तेव्हा फोटोग्राफरला आदल्या दिवशी आमच्याकडे पाठवा. कोठे उभे राहायचे ते आम्ही दाखवू.

दुसरी तक्रार व्यवहाराची. पैसे घेऊनही मूळ फाइली देण्यास काहीजण टाळाटाळ करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ अन्वये, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याची असते. म्हणूनच त्यांचा छापील कागद सही करण्यापूर्वी वाचावा. आमच्या घरांत तो कोणी वाचीत नाही.

पूर्ण दिवसाचे काम आणि ड्रोन कशाला? मिस्सा व त्यानंतरचे दोन तास पुरेत. मात्र ज्यांचे चित्र हवेच अशांची यादी करून ती वधूच्या भावाकडे द्यावी; त्याने फोटोग्राफरला प्रत्येकाच्या खुर्चीपर्यंत न्यावे. आजीपासून सुरुवात करावी, कारण तिला शेवटची एस.टी. गाठायची असते.

एवढे करून पैसे उरले, तर बूथ जरूर ठेवा. मुले खूश होतात, आणि अल्बमसारखी सहा महिने वाट पाहावी लागत नाही. एका लग्नात आम्हीही पुठ्ठ्याचा मुकुट घालून उभे राहिलो. ती पट्टी आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे.