खाण संपली, खड्डा कोणाचा?



आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात काळ्या दगडाच्या खाणी आणि उकरलेले मुरमाड माळ जागोजागी दृष्टीस पडतात. गोदावरी, प्रवरा, मुळा, घोड व भीमा यांच्या पात्रांतून वाळूचा उपसा होतो. काम संपले की ठेकेदार यंत्रांसह निघून जातो व मागे खड्डा राहतो. माळावर शेळ्या चारणारी बाई, खड्ड्याच्या पाण्यात पोहावयास उतरणारे पोर आणि नदीची वाळू गेल्याने ज्याच्या विहिरीचे पाणी खाली गेले तो अल्पभूधारक, यांनाच तो खड्डा सोसावा लागतो. मग खाणीचा परवाना हा केवळ ठेकेदाराचा कागद आहे, असे आपण का समजावे?

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने खाणींस पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. परंतु पाच हेक्टरांखालील खाणी तीतून सुटत. तेव्हा मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडण्याची युक्ती निघाली! २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात ही पळवाट बंद केली. दगड, मुरूम, वाळू या गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांसही मंजुरी लागेल, असे ठरले. पुढे ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने केंद्र शासनास आदेश दिला की, खाणकाम थांबल्यावर त्या जागेत पुन्हा गवत व चारा उगवेल अशी जमीन करून देण्याची अट पट्टेदारावर घालावी. या अटीचे मोल दारात दोन शेळ्या असणाऱ्यास सांगावयास नको.

आता जमीन पूर्ववत करणे म्हणजे मातीचे चार ढीग लोटणे नव्हे. वरची सुपीक माती आरंभीच अलग साठवावी लागते. ती एकदा विकली गेली की नंतरच्या वृक्षारोपणास अर्थ उरत नाही. शिवाय आपल्याकडे दगड खडी होऊन बाहेर जातो, त्यामुळे भरावास माल उरत नाही. कोणी "खड्डा पूर्ण बुजवू" म्हणाल्यास माल कोठून आणणार, हे विचारावे. उभ्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या करणे, भोवती कुंपण घालणे व जमेल तेथे पाणी साठविणे, एवढे प्रामाणिकपणे केले तरी पुष्कळ झाले.

मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबर रोजी, सादर करावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज असून अर्ज करणाऱ्या कोणासही त्याची नक्कल मिळते, असे ती २००६ ची अधिसूचनाच सांगते. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी हा अर्ज लिहावा, नक्कल घेऊन खाणीवर जावे, लावलेली म्हणून दाखविलेली झाडे मोजावीत आणि तो हिशेब ग्रामसभेत उभे राहून वाचावा.

एक गोष्ट मात्र घरातलीच आहे. १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यान्वये परत मिळालेली महार वतनाची जमीन आपल्यापैकी अनेकांकडे आहे व तिच्यावर शासनाच्या शर्ती आहेत. "थोडा मुरूम नेतो, पैसे रोख देतो" असे तोंडी बोलणारा दारी आल्यास त्यास परवाना दाखविण्यास सांगा. खनिजावर हक्क शासनाचा आहे. विनापरवाना उत्खननास जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. मुरूम नेणारा त्या वेळी सापडेलच असे नाही. सातबाऱ्यावर नाव आपले असते आणि तहसीलदाराची नोटीस त्याच नावावर येते.