पोलीस आणि मोहल्ला : मधली रिकामी जागा कोण भरणार?

मोहल्ल्यात पोलिसांची गाडी शिरली की नाक्यावरची पोरं गल्लीबोळात पांगतात, बायका दरवाजे ओढून घेतात. गुन्हा कोणाचा, कशाचा, हे नंतर कळतं. भीती आधी पोहोचते. उलट त्याच मोहल्ल्यात चोरी झाली, कोणी मुलीची छेड काढली, कोपऱ्यावर नशेच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या, तर पोलीस ठाण्याची पायरी चढायला कोणी तयार नसतं. ‘जाऊ दे, कशाला लफडं?’ म्हणून विषय मिटवला जातो. पोलीस येतात तेव्हा आपण पळतो आणि त्यांची गरज असते तेव्हा त्यांना बोलावत नाही. गुन्हेगारी वाढते ती या मधल्या रिकाम्या जागेत.

कोणताही मुलगा गुन्हेगार म्हणून जन्माला येत नाही, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. पण तो गुन्ह्यापर्यंत पोहोचतो कसा, हे पाहायला हवं. मालेगाव, भिवंडीसारख्या गावात यंत्रमागाला मंदी आली की पहिला फटका घरातल्या मुलाच्या शाळेला बसतो. आठवी-नववीत शाळा सुटते, हाताला पक्कं काम नसतं, दिवस नाक्यावर जातो. मग कोणीतरी ‘कुत्ता गोळी’ हातात ठेवतो. खरं तर ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी झोपेची-गुंगीची गोळी. मुंबई-ठाण्याकडे तिची जागा एमडीने घेतली आहे. पहिली गोळी फुकट मिळते, पुढच्यांसाठी पैसे लागतात. आधी घरातले पैसे जातात, मग दुसऱ्याचा मोबाईल हिसकावला जातो आणि एक दिवस नाव पोलिसांच्या कागदावर चढतं.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांचा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी अभ्यास केला होता. त्यात दिसलेला कैदी सिनेमातला ‘भाई’ नव्हता. बहुतेक जण तरुण, गरीब घरातले, कमी शिकलेले होते आणि संघटित टोळ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिमांची लोकसंख्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. तुरुंगातला वाटा मात्र त्याहून बराच जास्त. यामागे गरिबी आहे, पोलिसांचा पूर्वग्रह आहे, वकिलाला द्यायला पैसे नाहीत हेही आहे. यातलं एकच कारण धरून बाकीच्यांकडे डोळेझाक केली तर उत्तर सापडणार नाही.

परिणाम फक्त पकडलेल्या मुलाला भोगावे लागत नाहीत. वकिलाच्या फीसाठी अम्मीचे दागिने मोडतात. बहिणीचं ठरत आलेलं लग्न अडतं. पुढे नोकरी किंवा पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी आली की जुनी केस पुन्हा समोर येते. कोठडीत सराईतांची ओळख होते आणि मोबाईलचोर म्हणून आत गेलेला मुलगा बाहेर येताना मोठं काम शिकून येतो. वस्तीचं नाव खराब होतं ते वेगळंच. काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘निगेटिव्ह झोन’ समजून कर्ज टाळतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं. आणि एक कडू गोष्ट आपणच मान्य करायला हवी : गोळ्या विकणारा बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतला असतो, आपल्याच पोरांना विकतो आणि त्याला आपण सगळे ओळखतो.

मग पोलिसांनी काय करावं? याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गावभर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात फक्त पुढारी नव्हते. दोन्ही समाजांतली साधी माणसं, दुकानदार, मागावरचे कामगार आणि त्या भागातले पोलीस एकत्र बसायचे. बोलणं दंगलीवर नसायचं. नळाचं भांडण, पोरांची मारामारी, गल्लीतला दारूचा अड्डा असे रोजचे विषय असायचे. त्यातून पोलिसाला मोहल्ला कळला आणि मोहल्ल्याला पोलिसाचं नाव कळलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली, तेव्हा दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली.

याच भिवंडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण गेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चारही घरांत मातम झाला. गाव तेच होतं आणि माणसंही बरीचशी तीच. फरक एवढाच की बसून बोलायची जुनी सवय तोवर मोडली होती. एका चांगल्या अधिकाऱ्याची बदली झाली की काम संपतं, हे आपल्या व्यवस्थेचं जुनं दुखणं आहे.

त्याच वर्षी, सप्टेंबर २००६ मध्ये, प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे सात आदेश दिले. अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत मिळावी, तपास आणि बंदोबस्ताची कामं वेगळी असावीत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावं, असं त्यात होतं. कागदावर बरंच काही झालं, पण ठाण्याच्या दारात त्याचा अनुभव क्वचितच येतो. पोलीस शिपायाची अवस्थाही विसरून चालणार नाही. बारा-बारा तास बंदोबस्तात उभा राहणारा माणस तक्रारदाराशी गोड कसा बोलणार? २०१६ मध्ये मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तो गोवंडीजवळच्या देवनार पोलीस ठाण्यात. अशा प्रयोगांची मागणी आपणही करायला हवी, कारण त्याचा फायदा आपल्यालाच आहे.

पण पोलीस बदलेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं का? निदान कायदा तरी घराघरात माहीत असू द्या. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. नव्या फौजदारी कायद्यानुसार हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. अटक झाल्यास चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. एवढ्या पाच गोष्टी मोहल्ल्यातल्या प्रत्येक आई-बापाला पाठ असाव्यात.

आणि गुन्हा करणारा आपला आहे म्हणून त्याच्यावर पांघरूण घालणं थांबलं पाहिजे. निरपराध मुलाच्या पाठीशी सगळा मोहल्ला उभा राहिला पाहिजे, तसाच गोळ्या विकणाऱ्याच्या विरोधातही. दोन्ही वेळी ठाण्यात एकट्याने जायचं नाही. दहा-बारा जणांनी, लेखी अर्ज घेऊन जायचं आणि पोच घ्यायची. अर्ज देणाऱ्याला ठाण्यातून दमदाटी होणार नाही, ही हमी पोलिसांनी द्यायची.

आपल्या भागाचा बीट अंमलदार कोण, त्याचं नाव काय, हे आज आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि त्याला तरी आपल्या मोहल्ल्यातल्या, गुन्हेगार नसलेल्या किती माणसांची नावं माहीत असतील? भिवंडीत एकेकाळी ही ओळख झाली होती आणि तिने गाव वाचवलं होतं. ओळख पुन्हा करायची असेल तर सुरुवात या आठवड्यातही करता येईल.