सिनियरने सांगितलंय...

परवा रविवारी भाची घरी आली ती मोबाइलमध्ये डोकं घालूनच. बारावी झाली, बीएला प्रवेशही मिळाला, पुढे मानसशास्त्र घ्यायचं हेसुद्धा ठरलंय. मग आता कसली काळजी? तर म्हणे ओपन इलेक्टिव्ह निवडायचंय आणि मंगळवार शेवटचा दिवस.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ही पद्धत आली. आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचा, त्याचेही श्रेयांक मोजले जातात. कल्पना मला तरी छान वाटते. बीएच्या मुलीने थोडं विज्ञान शिकावं, बीएस्सीच्या मुलाने थोडं अर्थशास्त्र. मी उत्साहाने विचारलं, "मग काय काय विषय आहेत?"

तिने यादी दाखवलीच नाही. दाखवला तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एक मेसेज. कुणा सिनियरने लिहिलेला. आहारशास्त्र घ्या, मॅडम कूल आहेत, अटेंडन्सचं टेन्शन नाही. खगोलशास्त्र चालेल, पेपर एमसीक्यू असतो. व्यवहारातलं संख्याशास्त्र चुकूनही घेऊ नका, सबमिशन फार, सर मार्क सोडत नाहीत. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

"म्हणजे आहारशास्त्र?" मी म्हटलं.

"अर्थात! सगळे तेच घेतायत मामा."

मला हसू आलं, आणि लगेच जरा ओशाळल्यासारखंही झालं. कारण असा एक मेसेज मीही कधीकाळी दिला होता. फक्त तोंडी, कँटीनमध्ये, कटिंग चहा पिता पिता.

साल १९९३. बीएस्सीला पहिल्या वर्षी चार विषय असायचे, दुसऱ्या वर्षी त्यातला एक सोडायचा. मी दुसऱ्या वर्षाला होतो आणि स्टॅट्सच्या जर्नलने जेरीस आलो होतो. आमचे सर शंभर शेंगदाणे एकेक करून तोलायला लावत, वजनं लिहायला लावत आणि त्यांचा आलेख काढायला लावत. एक आकडा चुकला की पान परत. पहिल्या वर्षाची चार-पाच पोरं भोवती बसली होती. त्यांना मी छातीठोकपणे सांगितलं, "स्टॅट्स सोडा. मरमर करून मार्क मिळत नाहीत." त्यातला एक मुलगा आकडेमोडीत माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता. त्याने सोडलं.

पुढे मी एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात लागलो. तिथे दिवसभर काय करायचं, तर मशीनवरून येणारे नग मोजायचे, त्यांची सरासरी काढायची, फरक किती पडतोय ते बघायचं आणि कंट्रोल चार्ट भरायचा. म्हणजे तेच शेंगदाणे! सरांनी काय शिकवलं ते मला नोकरीत दोन वर्षं काढल्यावर कळलं. पण तोपर्यंत माझा अभिप्राय देऊन झाला होता, आणि तो परत घ्यायला मी काही कँटीनमध्ये गेलो नाही. तो मुलगा बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला. हसत हसत म्हणाला, "तुझं ऐकून स्टॅट्स सोडलं, आणि एमबीएच्या पहिल्याच सेमिस्टरला ते पुढ्यात येऊन बसलं. काय रडवलंय म्हणून सांगू!" मीही हसलो. पण घरी येताना ते हसणं काही टिकलं नाही.

बरं, मी खोटं बोललो होतो का? नाही. मार्क खरंच कमी पडत होते. भाचीच्या मेसेजमधलंही सगळं खरंच असणार. गोची अशी, की हे अभिप्राय परीक्षा संपल्या संपल्या, अंगातला शीण जायच्या आत दिलेले असतात. त्या वेळी माणसाला कोर्सने किती त्रास दिला तेवढंच कळलेलं असतं. काय दिलं ते कळायला वेळ लागतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून प्रत्येक कोर्समधली मधली ग्रेड वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. ग्रेड कुठे सढळ हाताने मिळते आणि कुठे नाही हे सगळ्यांना दिसावं. २००९ साली तीन अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निघालं काय, तर मुलं सढळ ग्रेडच्या कोर्सेसकडे अधिक वळू लागली होती. २०११ मध्ये विद्यापीठाने ते आकडे टाकणं बंद केलं.

दुसरा अभ्यास तिथल्याच एअर फोर्स अकादमीतला, २०१० सालचा. तिथे कोणत्या मुलाला कोणता प्राध्यापक हे मुलं ठरवत नाहीत, वाटणी आपोआप होते, आणि परीक्षा सगळ्यांना एकच. ज्या प्राध्यापकांच्या वर्गात त्या विषयात जास्त गुण पडले, त्यांना मुलांनी अभिप्रायही चांगले दिले. पण पुढच्या वर्षांतल्या अवघड विषयांत त्यांचीच मुलं मागे पडलेली दिसली. मला शेंगदाणे आठवले!

याचा अर्थ कडक मास्तर तेवढा चांगला असा मुळीच नाही. नुसते छळणारेही खूप पाहिलेत. आणि मुलं मार्कांमागे धावतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या साठ टक्क्यांची अट घालतात, ती काही मुलांनी घातलेली नाही. सकाळी सातचं लेक्चर असेल तर एसटीने येणाऱ्या मुलीला ते सिनियरकडूनच कळणार. कॉलेजच्या माहितीपत्रकात ते नसतं. सिनियरला विचारावंच. फक्त कुणाला आणि काय विचारायचं याचा थोडा विचार व्हावा. गेल्या वर्षी कोर्स संपवलेल्याला 'पेपर कसा असतो' हे विचारावं, आणि दोन-तीन वर्षं पुढे गेलेल्याला 'नंतर कुठे उपयोगी पडला का' हे. कॉलेजांनीही तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून पहिल्या वर्षाच्या विषयांबद्दल चार ओळी लिहून घेतल्या तर काय बिघडेल?

भाचीला मी एवढंच म्हटलं, की तुमच्या सोसायटीतली ती मुलगी मानसशास्त्रात एमए करतेय ना, तिला एक फोन कर. तिने तिथेच लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं. फोन ठेवून म्हणाली, "ती म्हणते सबमिशनचं खरं आहे. पण मानसशास्त्रातही पुढे स्टॅट्स येतंच, थोडं आधी झालेलं बरं." मग जरा थांबून, "पण मामा, मार्क गेले तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जातीलही. 'मार्कांचं काय एवढं' असं म्हणणं मला सोपं आहे, मला आता कुणी गुणपत्रिका मागत नाही.

मंगळवारी तिने काय भरलं ते मी मुद्दाम विचारलेलं नाही. कँटीनमध्ये एकदा सल्ला देऊन झालाय, तेवढा पुरे.