‘कमी खा, बाळंतपण सोपं जाईल!’



आमच्याकडे भांड्याला येणारी बाई सातव्या महिन्यात होती तेव्हाची गोष्ट. वर नळाला पाणी चढत नसे, म्हणून मी तिला खालून बादल्या आणायला सांगत असे. एकदा चहा देताना सहज विचारलं, “जेवतेस ना गं पोटभर?” तर म्हणाली, “सासूबाई म्हणतात, लई खाल्लं की मूल मोठं होतं, मग बाळंतपण जड जातं, वहिनी.” मी हसले आणि विषय सोडून दिला. शाळेत आहाराचा धडा शिकवणारी मी! पुढे तिला मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. आता सुखरूप आहे. पण त्या बादल्या काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरलेलं बाळ कमी वजनाचं मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजनाची नोंद असलेल्या आपल्या देशातल्या दर शंभर बाळांपैकी सुमारे १८ बाळं अशी होती. अशा बाळाला थंडी लवकर बाधते, दूध ओढायला ताकद नसते, जंतुसंसर्ग चटकन होतो. मोठेपणी मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोकाही वाढतो. म्हणजे ‘लहान बाळ बरं’ ही समजूत आपल्याला फार महागात पडते.

बाळ लहान का राहतं? काही वेळा ते दिवस भरण्याआधीच जन्मतं, तर काही वेळा पोटातच नीट पोसलं जात नाही. आई मुळात किडकिडीत, अंगात रक्त कमी, वय विशीच्या आत, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नाही, या सगळ्यांनी धोका वाढतो. आणि मिश्री! मुंबईतल्या बाराशेंवर गरोदर स्त्रियांच्या पाहणीत (२००४) आढळलं, की मिश्री-तंबाखू लावणाऱ्यांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमनं हलकी भरली. ‘दातांसाठी लावते’ म्हणणारीनं हे ऐकावं.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात, त्यांची बाळं अधिक वजनाची होती. आणि जिला शेतातलं, पाणी आणण्याचं, घरातलं काम जास्त, तिचं बाळ सरासरीनं लहान. एका बादलीनं बाळ लहान होत नाही, हे मलाही कळतं. पण पाच घरची भांडी, स्वतःच्या घरचं पाणी आणि वर अर्धपोटी, या सगळ्याचा हिशेब कुणी मांडतं का?

तेव्हा घरात सून, नणंद, बहीण कुणीही गरोदर असो, एवढं जरूर पाहा. तिचं ताट शेवटी उरल्यासुरल्याचं नको. रोज एक पालेभाजी, डाळ किंवा उसळ, जमेल तसं दूध, एखादं पेरू किंवा केळं, मूठभर शेंगदाणे. दुपारी दोन तास आडवं होणं म्हणजे आळस नव्हे. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नये. दर तपासणीला वजन आणि रक्त पाहून घ्यावं. पुढचं मूल निदान तीन वर्षांनी.

आणि तुमच्याकडे कामाला येणारी गरोदर असेल, तर जड उचलायचं काम काढून घ्या, पण पगार कापू नका. चहाबरोबर पोळी-भाजी द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी तिला सुट्टी द्या, आठवणही करा. कुणी ‘कमी खा’ म्हटलं, तर माझ्यासारखं नुसतं हसू नका. तिच्या सासूबाईंशी दोन शब्द बोला. त्याही आपल्या नातवंडाचं भलंच चिंतत असतात; फक्त त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.