मानधन की पगार?

सामाजिक संस्थेत येणारा माणूस सहसा पैशासाठी येत नाही. कोणी शिबिरातून येतो, कोणी मोर्चातून, कोणाच्या घरातच सेवादलाचा वारसा असतो. आपल्या पाड्यावरचे बाळ दवाखान्याच्या वाटेवर दगावलेले पाहून आलेलीही एखादी असते. इथवर वाद नाही. तो सुरू होतो या प्रेरणेची अंदाजपत्रकात किंमत लावताना.

महाराष्ट्राला हा वाद जुनाच. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा 75 रुपयांवर भागवावे असा दंडक होता. 1890 मध्ये टिळक तिथून बाहेर पडले, त्या भांडणातही पगार आणि बाहेरची कमाई हे कळीचे मुद्दे होते. गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा सदस्याने स्वतःसाठी कमवायचे नाही, अशी शपथ ठेवली. पण त्याच्या कुटुंबाची तरतूद समाजाकडून होईल, हेही त्याच शपथेत गृहीत होते. आजच्या भाषणांत तिचा न कमावण्याचा भाग तेवढा उरला आहे.

आज हाच वाद नियमांतून येतो. परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत. हिशेबनीसाचा पगार आणि विजेचे बिल धरतात. मोठ्या संस्थेला ही विभागणी जमून जाते. पाच माणसांच्या संस्थेत सकाळी बाळांची वजने घेणारी बाईच रात्री व्हाउचर चिकटवत बसते. मग तिचा दिवस टाइमशीटवर चिरायचा, चार तास कार्यक्रमाला, तीन प्रशासनाला. एसटीच्या तिकिटावरची शाई उडाली की ऑडिटर ती रक्कम अमान्य करतो. पैसे तिच्या खिशातून जातात आणि वार्षिक अहवालात ती ‘समर्पित कार्यकर्ती’ ठरते.

सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी देणाऱ्या कंपन्यांची तऱ्हा निराळी. 2021 च्या नियमांतली 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च त्या व्याख्येत बसत नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने त्याच वर्षी परिपत्रकातून केला. तरीही संस्थेच्या प्रस्तावात पगार दिसला की कंपनीचा अधिकारी त्याच 5 टक्क्यांवर बोट ठेवतो. परिपत्रक वाचायला कोणी अडवले आहे?

विश्वस्त मंडळीही काही कमी नाहीत. भविष्य निर्वाह निधी 20 माणसांपासून लागू होतो, म्हणून हजेरीपट 19 वर थांबवायचा आणि व्यासपीठावर सेवाभावावर बोलायचे. पगाराला ‘मानधन’ म्हटले की सॅलरी स्लिप नको, रजेचा हिशेब नको. दहा वर्षे राबलेल्या कार्यकर्त्याला बँक दुचाकीचे कर्ज नाकारते ते यामुळेच. तो नोकरी शोधून निघून गेला, की मागे ‘प्रेरणा टिकली नाही’ असा शेरा मारायला हीच मंडळी पुढे.

संस्थांनी आता पुढच्या प्रस्तावापासून पगार ‘पगार’ याच नावाने लिहावा, पीएफसकट. देणगीदाराने तो आकडा खोडलाच, तर कोणत्या नियमाखाली खोडला ते लेखी मागावे, आणि तोवर करारावर सही करू नये.